ओटीपी

ओटीपी म्हणजे संगणकीय व्यवहारात व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी वापरला जाणारा, एकदाच उपयोगी पडणारा आणि अल्पावधीत निरुपयोगी होणारा सांकेतिक अंक होय. तो बहुधा चार ते आठ अंकी असतो आणि भारतात प्रामुख्याने भ्रमणध्वनीवर एसएमएसने पाठविला जातो. बँकेचा व्यवहार, ऑनलाइन खरेदीचे पार्सल, गॅस सिलिंडर, रेल्वेचे तत्काळ तिकीट, सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा परस्परांशी संबंध नसलेल्या असंख्य कामांत हा अंक मागितला जातो. त्यामुळे तो वेळेवर न येणे, भलत्याच क्रमांकावर जाणे किंवा भलत्याच माणसाला सांगितला जाणे ही भारतातील डिजिटल व्यवहारांतील सर्वांत परिचित अडचण बनली आहे.

नाव

ओटीपी हे ‘वन टाइम पासवर्ड’ या इंग्रजी संज्ञेचे आद्याक्षरी रूप आहे. मराठी शासकीय लेखनात ‘एकवेळ संकेतशब्द’ किंवा ‘एकवेळ परवलीचा शब्द’ असे पर्याय आढळतात, बोलण्यात मात्र ‘ओटीपी’ हाच शब्द रूढ असून तो पुल्लिंगी वापरला जातो (‘ओटीपी आला का?’). परवलीचा शब्द ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा असतो, ओटीपी मात्र लक्षात ठेवायचा नसतो. तो ‘मला अमुक गोष्ट ठाऊक आहे’ याचा पुरावा नसून ‘अमुक क्रमांकाचे सिमकार्ड या क्षणी माझ्याजवळ आहे’ याचा पुरावा आहे. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

चोरट्याने एकदा ऐकलेला परवलीचा शब्द दुसऱ्यांदा चालू नये, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गणिती रूपात मांडली. एका गुप्त संख्येवर एकदिश फलन वारंवार चालवून शब्दांची साखळी तयार करायची आणि ती उलट्या क्रमाने वापरायची, अशी ती पद्धत होती. तिच्यावर आधारित ‘एस-की’ ही प्रणाली अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत विकसित झाली. दर मिनिटाला नवा अंक दाखविणारी खिशात मावणारी यंत्रे १९८० च्या दशकात कंपन्यांच्या वापरात आली. जर्मनीत बँका ग्राहकांना अंकांची छापील यादी टपालाने पाठवीत आणि ग्राहक प्रत्येक व्यवहारानंतर यादीतील एकेक अंक खोडीत असे.

आजच्या ओटीपीची दोन मानके सर्वत्र मान्य आहेत. डिसेंबर २००५ मधील मानकात अंक एका गणकावरून, म्हणजे किती वेळा अंक मागितला यावरून काढला जातो. मे २०११ मधील मानकात तो घड्याळाच्या वेळेवरून काढला जातो व सामान्यतः दर ३० सेकंदांनी बदलतो; भ्रमणध्वनीवरील ‘ऑथेंटिकेटर’ उपयोजने या दुसऱ्या पद्धतीने चालतात व त्यांना नेटवर्क लागत नाही. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीला यांपैकी कोणतेही मानक पाळण्याची गरज नसते. बँकेचा संगणक एक यादृच्छिक अंक निर्माण करतो, आपल्याजवळ नोंदवून ठेवतो आणि दूरसंचार कंपनीच्या हवाली करतो. तो वेळेवर पोहोचेल अशी हमी एसएमएसच्या रचनेतच नाही. ही सेवा ‘साठवा आणि पुढे पाठवा’ या तत्त्वावर चालते; फोन बंद किंवा क्षेत्राबाहेर असेल तर संदेश वाटेत थांबून राहतो आणि ओटीपीची मुदत मात्र संपून जाते.

भारतातील सक्ती

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक काढून, कार्डावर छापलेली नाही अशा माहितीच्या आधारे अतिरिक्त पडताळणी केल्याखेरीज ऑनलाइन कार्ड व्यवहार करू नये असा नियम घातला. तो १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला आणि २०११ च्या सुरुवातीस फोनवरून होणाऱ्या कार्ड व्यवहारांपर्यंत वाढविण्यात आला. परिपत्रकात ओटीपीचाच आग्रह नव्हता. आरंभी अनेक बँका कायमस्वरूपी परवलीचा शब्द मागत. पण तो ग्राहकांच्या लक्षात राहत नसे. जवळजवळ प्रत्येकाजवळ पोहोचलेला भ्रमणध्वनी हा स्वस्त मार्ग ठरला आणि काही वर्षांतच ‘अतिरिक्त पडताळणी’ म्हणजे ओटीपी असे समीकरण झाले. कार्डाची चोरलेली माहिती एवढ्यावर पैसे काढणे यामुळे भारतात अवघड झाले, हे या नियमाचे निर्विवाद यश आहे.

नियमाला बगल देण्याचे प्रयत्नही झाले. सर्वांत गाजलेले प्रकरण २०१४ मधील होय. भारतातल्या प्रवाशाने भारतातच केलेल्या प्रवासाचे पैसे परदेशी पेमेंट गेटवेमार्फत घेतले की तो व्यवहार परदेशी ठरे आणि ओटीपी लागत नसे. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पद्धत थांबविण्याचा आदेश दिला. परिपत्रकात कोणाचे नाव नव्हते. तथापि टॅक्सीसेवा देणाऱ्या उबर या कंपनीला पद्धत बदलावी लागली व तिने त्याच वर्षी पेटीएमच्या पाकिटाचा पर्याय स्वीकारला.

पुढे नियम काहीसा शिथिल झाला. संपर्करहित कार्डाने दुकानात करावयाच्या व्यवहारांसाठी पडताळणीविना चालणारी मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये झाली. मासिक वर्गणीसारख्या आवर्ती व्यवहारांचा नवा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाला तेव्हा मात्र अनेकांच्या चालू वर्गण्या एकाएकी खंडित झाल्या. त्या वेळी ५,००० रुपयांपर्यंतचे हप्तेच पडताळणीविना वळते होऊ शकत. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली.

मार्च २०२१ मधील खोळंबा

नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ मध्ये नियम केले. त्यानुसार प्रत्येक संस्थेने आपले प्रेषकनाम व संदेशाचा साचा आधी नोंदविणे आवश्यक झाले. नोंदलेल्या साच्याशी न जुळणारा संदेश दूरसंचार कंपनीने अडवायचा होता. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी प्रत्यक्षात सुरू झाली आणि साचे न नोंदविलेल्या किंवा चुकीचे नोंदविलेल्या संस्थांचे संदेश धडाधड अडू लागले. बँका, ऑनलाइन दुकाने, रेल्वे आरक्षण, आधार आणि नुकतीच सुरू झालेली कोविड लसीकरणाची नोंदणी या सर्वांचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही तपासणी सात दिवसांसाठी स्थगित केली.

जाहिरातींना लावलेली चाळणी किराणा बिलापासून लसीकरणापर्यंत सारे काही थांबवू शकते, हे त्या एका दिवसात दिसून आले. इतक्या सेवांचा भार एकाच वाहिनीवर आहे याची जाणीव तोवर फारशी कोणाला नव्हती.

रोजच्या अडचणी

सर्वांत साधी अडचण उशिराची आहे आणि ती ‘पुन्हा पाठवा’ या बटणाने बहुधा वाढते. अनेक प्रणालींत नवा अंक मागताच जुना रद्द होतो. रेंगाळलेला पहिला संदेश नंतर पोहोचला की ग्राहक तोच भरतो, तो चुकीचा ठरतो, ग्राहक पुन्हा नवा मागतो आणि तीन चुकांनंतर खाते काही काळ बंद होते. दोन्ही संदेशांचा मजकूर सारखाच असल्याने नवा कोणता हे कळण्यास मार्ग नसतो. काही संस्था ओटीपीसोबत लहानसा संदर्भ क्रमांक देतात. हा उपाय अगदी सोपा असूनही सार्वत्रिक झालेला नाही.

दुसरी अडचण नेटवर्कची. कोकणातील व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वाड्यांत, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या दुर्गम भागांत घरात बसून संदेश मिळेलच असे नाही. संदेश येईल अशी ठरलेली जागा, म्हणजे एखादी टेकडी, देवळाचा पार किंवा गच्चीचा एखादा कोपरा, गावाला ठाऊक असते. संगणक एका ठिकाणी आणि रेंज दुसऱ्या ठिकाणी असेल तर दहा मिनिटांची मुदतही अपुरी पडते. शहरांत हीच गत तळघरातील कार्यालये, रुग्णालये आणि उद्वाहन यांत होते. घरात ब्रॉडबँड असल्यास ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू केल्याने पुष्कळदा संदेश मिळू लागतात.

तिसरी आणि सर्वांत जाचक अडचण क्रमांकाच्या मालकीची आहे. ओटीपीची सारी रचना ‘एक व्यक्ती, एक फोन, एक कायमचा क्रमांक’ असे गृहीत धरते. प्रत्यक्षात एका घरात एकच फोन असणे, तो कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात असणे, आईच्या बँक खात्याला पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचा क्रमांक जोडलेला असणे हे सर्रास आढळते. काही वर्षांपूर्वी आधार काढताना केंद्रचालकाने रकाना रिकामा राहू नये म्हणून स्वतःचाच क्रमांक भरला, अशीही उदाहरणे आहेत. आधारशी जोडलेला क्रमांक बदलण्यासाठी दीर्घकाळ केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागत असे, कारण ऑनलाइन बदलासाठी जुन्या क्रमांकावर ओटीपी जाई. बँकांच्या ग्राहक सेवेतही हेच चक्र आहे. क्रमांक बंद झाल्याची तक्रार नोंदविताना, ओळख पटविण्यासाठी त्याच क्रमांकावर ओटीपी पाठविला जातो. अखेर शाखेत जाऊन कागदी अर्ज देणे एवढाच मार्ग उरतो.

रिचार्ज न केलेला क्रमांक बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर मात्र जुन्या मालकाच्या बँकेचे आणि दुकानांचे ओटीपी नव्या मालकाच्या फोनवर येऊ लागतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतील महिलांना ई-केवायसी बंधनकारक केले. योजनेतून पात्र महिलेस दरमहा १,५०० रुपये मिळतात. या प्रक्रियेत महिलेच्या आधारबरोबरच तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही ओटीपीद्वारे पडताळणी मागण्यात आली. संकेतस्थळावर ताण येऊन ओटीपी न येण्याच्या तक्रारी झाल्याच. परंतु पती व वडील दोघेही हयात नसलेल्या, तसेच घटस्फोटित महिलांनी कोणाचा ओटीपी द्यावा हा प्रश्न तांत्रिक नव्हता. पुढे शासनाने मुदत वाढविली आणि अशा महिलांना मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रे सादर करण्याची वेगळी सोय दिली.

खरेदी व घरपोच वस्तू

ऑनलाइन खरेदीत ओटीपी दोनदा येतो: पैसे भरताना एकदा आणि, विशेषतः महागड्या वस्तूंच्या बाबतीत, वस्तू हाती घेताना दुसऱ्यांदा. पहिल्या संदेशात ‘हा अंक कोणालाही सांगू नका’ अशी ताकीद असते. दुसरा अंक दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगण्यासाठीच असतो. गॅस सिलिंडर पोहोचविणाऱ्यालाही २०२० च्या अखेरीपासून अनेक शहरांत असाच सांकेतिक अंक द्यावा लागतो. एकाच प्रकारच्या संदेशाला दोन विरुद्ध अर्थ दिल्याने ताकीद बोथट होते. फसवणूक करणाऱ्यांनी या संदिग्धतेचा पुरेपूर लाभ घेतला आहे.

वस्तू स्वीकारतानाचा ओटीपी विक्रेत्याच्या दृष्टीने पोहोच असते. खोके बंद असताना तो दिला आणि आत वस्तू निघाली नाही, तर ‘ओटीपी दिला म्हणजे वस्तू मिळाली’ असे उत्तर ग्राहक सेवेकडून येऊ शकते. म्हणून खोके दारातच उघडून पाहिल्यावर अंक देणे किंवा उघडतानाचे चित्रीकरण करणे ही खबरदारी रूढ झाली आहे. काही विक्रेते ‘उघडून दाखवून’ वस्तू देण्याची सोयही ठेवतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व महिन्याभरात तिचे निवारण करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दिवसभर घरी नसणारे ग्राहक हा अंक शेजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला आधीच कळवून ठेवतात. नियमाच्या दृष्टीने हे गैर असले तरी याहून सोयीची दुसरी पद्धत उपलब्ध नसते.

कामकाजात

जीएसटीचे विवरणपत्र दाखल करताना ओटीपी व्यापाऱ्याच्या नोंदणीकृत क्रमांकावर जातो, विवरणपत्र मात्र दुसरीकडे बसलेला करसल्लागार भरत असतो. महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे मासिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीच्या दिवशी, सल्लागारांच्या कार्यालयांतून व्यापाऱ्यांना ‘ओटीपी आला का’ असे फोन जात राहतात. व्यापारी दुकानात गुंतलेला, संकेतस्थळ संथ आणि अंकाची मुदत थोडी, असा हा तिहेरी पेच असतो. यावर उपाय म्हणून काही सल्लागार नोंदणीतच स्वतःचा क्रमांक देत; सल्लागार बदलायची वेळ आली की ही सोय अडचणीची ठरते. कार्यालयांच्या सामाईक खात्यांना एखाद्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक क्रमांक जोडलेला असणे आणि तो नोकरी सोडून गेल्यावर जाग येणे हाही त्यातलाच प्रकार.

रेल्वेने १५ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ आरक्षणासाठी आधारवर आधारित ओटीपी आवश्यक केला. दलालांच्या स्वयंचलित आज्ञावलींना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. तत्काळ आरक्षणात पहिली काही मिनिटे निर्णायक असल्याने येथे संदेशाला लागणारा अर्धा मिनिटही महागात पडतो.

परदेशस्थ भारतीय

परदेशात राहणाऱ्यांची भारतीय बँकखाती भारतीय सिमकार्डाला बांधलेली असतात. त्यासाठी दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम जिवंत ठेवणे व त्याचे वेळोवेळी रिचार्ज करणे हा सर्वमान्य मार्ग आहे. रोमिंग भारतातून निघण्यापूर्वीच सुरू करावे लागते, हे अनेकांना उशिरा कळते. दुसरा मार्ग म्हणजे सिमकार्ड भावाकडे किंवा आईवडिलांकडे ठेवणे आणि व्यवहाराच्या वेळी त्यांना फोन करणे. वेळेतील फरकामुळे अमेरिकेतील दुपारी भारतातल्या घरी कोणीतरी झोपेतून उठून चष्मा शोधतो. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांसह दहा देशांचे क्रमांक अनिवासी खात्यांच्या यूपीआयसाठी मान्य केले. यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला ओटीपी नव्हे तर वापरकर्त्याचा स्वतःचा पिन लागतो, त्यामुळे हा बदल उपयुक्त ठरला. कार्ड व नेटबँकिंगची अडचण त्याने सुटत नाही.

फसवणूक आणि दायित्व

ओटीपी चोरण्याच्या तांत्रिक पद्धती आहेत. २०१७ मध्ये जर्मनीत दूरसंचार जाळ्यांमधील संकेतवहनाच्या त्रुटीचा वापर करून बँकांचे एसएमएस वळविण्यात आले व खात्यांतून पैसे काढले गेले. बनावट कागदपत्रांवर दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम मिळविणे हा भारतात अधिक आढळणारा प्रकार. त्यावर उपाय म्हणून नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये दिला.

तथापि बहुसंख्य फसवणुकींत काहीही फोडावे लागत नाही. अंक सरळ विचारला जातो. केवायसी संपल्याची भीती, वीज तोडण्याची धमकी, परताव्याचे आमिष, ‘चुकून तुमच्या नंबरवर माझा ओटीपी आला’ अशी विनवणी या नेहमीच्या युक्त्या आहेत. झारखंडमधील जामताडा जिल्ह्याचे नाव या फोनवरील फसवणुकीमुळे देशभर झाले. ओळखीच्या माणसाचा कॉल जोडून घ्या असे सांगून प्रत्यक्षात ओटीपी वाचून दाखविणारा स्वयंचलित कॉल जोडला जातो, ही त्यामानाने नवी रीत आहे.

नुकसान कोणी सोसायचे याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. बँकेची हलगर्जी असेल तर ग्राहकावर दायित्व नाही. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळविल्यास ते मर्यादित असते. ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे; कळविल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. व्यवहारात मात्र ‘योग्य ओटीपी भरला गेला’ एवढीच नोंद पुष्कळदा ग्राहकाच्या हलगर्जीपणाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. आपण अंक सांगितलाच नाही हे दाखविणे ग्राहकाला कठीण असते, कारण तो कसा गेला याची नोंद त्याच्याजवळ नसते. फसवणूक लक्षात येताच बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळविल्यास पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठविण्याची शक्यता वाढते. येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा प्रश्न असतो.

पर्याय

सिंगापूरच्या नाणेविषयक प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये, डिजिटल टोकन वापरणाऱ्या ग्राहकांना बँकखात्यात प्रवेश करताना ओटीपी देणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. भारतात रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल देयकांच्या पडताळणीबाबत नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविण्यात आले. त्यांनुसार पडताळणीचे किमान दोन घटक कायम आहेत, परंतु एसएमएसखेरीज ठसा, चेहरा, उपकरणातील टोकन अशा मार्गांना वाव दिला आहे. निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारातून ग्राहकाचे नुकसान झाल्यास ते पूर्ण भरून देण्याची जबाबदारी खाते किंवा कार्ड देणाऱ्या संस्थेवर टाकण्यात आली आहे. एसएमएसने येणारा ओटीपी या निर्देशांनी बंद केलेला नाही. नवे बहुतेक मार्ग स्मार्टफोनवर चालतात. बटणांचा साधा फोन वापरणाऱ्यांना अजून तोच उपलब्ध आहे.